दुसऱ्याच्या खड्ड्यातली गाडी

“चाक फिरव,” मी म्हणालो.

जोतीनं आधी मागं वळून बघितलं. मालक काचेच्या केबिनमध्ये फोनवर बोलत होता. मी मागच्या कॅरियरवर भार देऊन गाडीचं पुढचं चाक अधांतरी केलं आणि जोतीनं टायरला हातानं एक जोर दिला. चाक दीड फेरा फिरलं आणि गप उभं राहिलं.

“दीड फेरा,” मी म्हणालो. “दोन महिन्यांची गाडी. दहा-बारा फेरे तरी मारायला नकोत?”

“डिस्क ब्रेक हाय काका. पॅड जरा घासतंयच चकतीला.”

“घासणं वेगळं आणि धरून बसणं वेगळं. हे तुला कुणी शिकवलं?”

“तुम्ही,” जोती म्हणाला आणि हातातल्या जॉब कार्डाकडं बघत राहिला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडमधल्या एका मोटारसायकल शोरूमचं वर्कशॉप आणि गुरुवारची सकाळ. शोरूमचं नाव मी सांगणार नाही. ते आता तिथं नाही, आणि नाव घेऊन माझं काही भरून येणार नाही. जोतीराम गुरव तिथं सुपरवायझर होता. त्याआधी, विशीत असताना, त्यानं एसटीच्या आगारात दोन वर्षं माझ्या हाताखाली उमेदवारी केली होती. मी केरबा लोहार. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा नुसत्या ब्रेकवर. माझ्या हातून गेलेली एकही गाडी ब्रेकपायी कुठं जाऊन आदळली नाही, हे मी त्या दिवसांत भेटेल त्याला ऐकवत असे. कुणी विचारलेलं नसायचं.

गाडी माझ्या मुलाची, निवासची. एकुलता एक. त्याची आई तो कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळं घरात आम्ही तिघं: मी, निवास आणि माझी सून सुवर्णा. राहायला आम्ही पाटणला. निवास आरोग्यसेवक होता आणि त्याचं उपकेंद्र वर पठारावर, म्हणजे रोज सकाळी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. जुनी गाडी दमली म्हणून त्यानं ही नवी घेतली. घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दोघांच्या हातात देऊन फोटो काढला. तो फोटो सुवर्णानं फ्रिजवर लावला होता.

दुखणं असं होतं. घाट उतरताना शेवटच्या तीन वळणांत पुढच्या ब्रेकचं लिव्हर मऊ पडायचं. एकदा तर ते सरळ मुठीला टेकलं. निवासनं मागचा ब्रेक आणि गिअर यांवर गाडी कशीबशी सावरली. खाली येऊन अर्धा तास उभी केली की ब्रेक पुन्हा शहाण्यासारखा लागायचा. मला हे ऐकूनच कळलं होतं. पॅड चकतीवर दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन अडकत होता. आपण लिव्हर सोडलं तरी पॅड चकतीला धरूनच बसायचं, चाक फिरेल तसं सगळं तापत जायचं, शेवटी आतलं ब्रेक ऑइल उकळायचं, आणि उकळलेल्या ऑइलला जोर नसतो. मग लिव्हर कितीही दाबा, हाताला काही लागत नाही.

पण शोरूमची तऱ्हा अशी होती की तक्रार कार्डावर लिहायची, मेकॅनिकनं गाडी घेऊन कोल्हापूर नाक्यापर्यंत जाऊन यायचं, आणि त्याला तक्रार जाणवली तरच गाडी उघडायची. कोल्हापूर नाक्यापर्यंतचा रस्ता सपाट. तिथं ब्रेकला तापायला वेळ कुठला मिळणार? रात्री चढणारा ताप सकाळी दवाखान्यात जाऊन मोजावा, तसा हा प्रकार. निवास दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा कार्डावर लिहून मिळालं, ‘तक्रार आढळली नाही’. गाडी धुऊन मात्र चकचकीत दिली. तिसऱ्यांदा मी म्हणालो, तू एसटीनं वर जा, गाडी मी नेतो. तिथं माझा जोती आहे.

मी माझा जोती म्हणायचो त्याला. त्यात दिखावा नव्हता.

“काका, चला, चहा घेऊ,” जोती म्हणाला.

गाड्या धुवायच्या रॅम्पच्या मागं एक टपरी होती. तिथं बाकावर बसल्या बसल्या तो हळू आवाजात म्हणाला, “पिस्टन अडकतोय. मला पहिल्याच खेपेला कळलं.”

“मग उघडत का नाहीस?”

“मालक उघडू देत न्हाई. टेस्ट राइडला दिसल्याबिगर उघडलं तर कंपनी वॉरंटीचा क्लेम परत पाठवती. गेल्या महिन्यात दोन परत आले. सगळ्या पोरांसमोर मला उभं केलं त्यानं.”

“मग टेस्ट राइड घाटात घे.”

“आमच्या माणसाला गाडी हद्दीबाहेर न्यायला परवानगी न्हाई.”

“मग करायचं काय?”

“मंगळवारी कंपनीचा इंजिनियर येणाराय. महिन्यातनं एकदाच येतो. त्याच्या पाया पडीन, पण घाटात नेऊन दाखवीन. त्यानं सही केली की अख्खा कॅलिपर नवा बसतोय.”

“मंगळवारला पाच दिवस आहेत जोती.”

जोतीनं कप बाकावर ठेवला आणि माझ्याकडं सरकून बसला. “तेच म्हणतोय मी. काका, गाडी घरी न्या आणि तुम्हीच उघडा. तुमच्या हाताला तासाचं काम. पिस्टन काढा, साफ करा, नवं ऑइल भरा. ऑइलचा डबा मी देतो आत्ता पिशवीत घालून.”

“आणि ती रेघ?”

कॅलिपरच्या बोल्टांवर कारखान्यातच पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली असते, बोल्टाच्या डोक्यावरून थेट खालच्या लोखंडावर. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. आणि रेघ तुटलेली दिसली की वॉरंटी संपली.

“रेघ तुटली तर तुटू दे,” जोती म्हणाला. “त्या रंगाची बाटली माझ्याच खणात असती. सोमवारी गाडी घेऊन या, मी परत ओढून देतो. कुणाला कळायचं न्हाई.”

आता इथं मला आगारातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुढं जे बोललो ते वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडं गाडीखाली उतरून काम करायला खड्डे असतात. गाडी खड्ड्यावर लागली की तिच्या तोंडाला एक पत्र्याची पाटी अडकवायचे. पाटीवर खडूनं मिस्त्रीचं नाव. ज्याचं नाव पाटीवर, त्याचाच हात गाडीला. दुसरा कितीही जाणता असो, शेजारच्या खड्ड्यात तो नुसता डोकावणार, हात लावणार नाही. यात मानापानाचा प्रश्न नव्हता. एकानं नट सोडला, दुसऱ्याला वाटलं पहिल्यानं आवळला, आणि गाडी पन्नास माणसं घेऊन बाहेर पडली, असं होऊ नये म्हणून ही शिस्त. उमेदवारीतल्या जोतीनं एकदा मदत म्हणून शेजारच्या गाडीचा एक नट आवळला होता. मी त्याला दिवसभर उन्हात उभं केलं होतं. नट त्यानं अगदी बरोबर आवळला होता, हे मला माहीत असूनही.

“हे मी शिकवलं तुला?” मी म्हणालो.

“न्हाई काका.”

“कार्डावर सही कुणाची आहे?”

“माझी.”

“म्हणजे गाडी तुझ्या नावावर लागलीय. मग काम तू करायचंस. उघड, दिवसाढवळ्या, कार्डावर लिहून. चोरून उघडायचं, वर रंग ओढून ठेवायचा, असल्या ब्रेकवर माझा मुलगा बसणार नाही.”

“काका, पाच दिवस हायेत म्हणून म्हणतोय. तुमच्या हाताची मला खात्री हाय. आमच्या हितल्या पोरांपेक्षा...”

“माझ्या हाताचं सोड. तू तुझ्या सहीचं बघ.”

टपरीवाला आमच्याकडं बघायला लागला होता. जोतीचा चेहरा उतरला. चौतीस-पस्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं लावलेला माणूस, आणि मी त्याला चारचौघांत पुन्हा उन्हात उभं केलं. त्यानं कपातला उरलेला चहा मातीत ओतला. मग म्हणाला, “निवासला तेवढं दमानं उतर म्हणावं.”

मी गाडी घेऊन पाटणला परत आलो. खरं सांगायचं तर वाटेत मी खुशीत होतो. आज एका बिघडलेल्या माणसाला रुळावर आणलं, असं काहीतरी मनात चाललं होतं.

रात्री जेवताना सुवर्णानं विचारलं, “काय म्हणाले शोरूमवाले?”

“मंगळवारी कंपनीचा माणूस येतोय. नवा कॅलिपर बसवून देणार.”

“आण्णा, मला एक कळत न्हाई. तुम्ही एवढ्या एसट्यांचे ब्रेक केले. मग आपल्याच गाडीला हात का लावत न्हाई?”

“कंपनीची मनाई आहे. बाहेर उघडलं की वॉरंटी जाते.”

“आणि आण्णांनी हात लावला तर माझी गाडी घंटी दिल्याशिवाय हलायची न्हाई,” निवास म्हणाला. “तिकीट फाडत बसावं लागंल मला घाटात.” सुवर्णा हसली. मीसुद्धा हसलो. जोती काय म्हणाला होता ते मी दोघांना सांगितलं नाही.

एवढं मात्र केलं की निवासला समोर बसवून नीट समजावलं. घाटाच्या मध्यावर खंडोबाचं देऊळ आहे, तिथं रोज थांबायचं. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब चकतीवर टाकायचे. तडतडले तर तडतडायचे थांबेपर्यंत तिथंच बसायचं, मग कुणी बोलावो नाहीतर न बोलावो. निवासनं शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

शुक्रवारी तो थांबला. शनिवारीही थांबला. घरी आल्यावर मला म्हणाला, “आज बक्कळ तडतडलं आण्णा. वीस मिनिटं बसलो. पुजाऱ्याच्या आईनं चहा दिला.”

रविवारी त्याला सुट्टी होती आणि गाडी अंगणात उभी होती. दुपारी सगळे पडल्यावर मी माझी हत्यारांची पेटी बाहेर काढली. पाना बोल्टाला लावून बघितला, तो बरोबर बसला. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. एक हिसका दिला असता तर बोल्ट सुटला असता. वाळत घातलेले कपडे काढायला सुवर्णा बाहेर आली आणि म्हणाली, “काय करताय आण्णा उन्हात?”

“काही नाही. धूळ झाडतोय,” मी म्हणालो आणि पाना पेटीत ठेवला. मधे एक सोमवारच तर होता.

सोमवारी पठारावरच्या एका वाडीत लसीकरण होतं. असल्या दिवशी उरलेली लस त्याच दिवशी खाली आरोग्य केंद्रात परत पोचवावी लागते, पेटीतला बर्फ विरघळायच्या आत. त्या दिवशी बायका शेतात भांगलणीला गेल्या होत्या. लेकरं घेऊन त्या उशिरा आल्या आणि निवासला निघायला साडेपाच झाले. देवळापाशी पुजाऱ्याची आई बसली होती. ती नंतर मला म्हणाली, आज थांबला न्हाई, पेटीकडं बोट दाखवून हात केला आणि गेला.

खालून एक दूधवाला वर येत होता. त्यानं सांगितलं की निवास लांबून हॉर्न वाजवत आला आणि जवळ आल्यावर डावा हात सोडून ‘बाजूला हो, बाजूला हो’ अशी खूण करत होता. दूधवाल्यानं गाडी कडेला घातली म्हणून तो वाचला. मागच्या ब्रेकनं निवासची गाडी चाळीस-पन्नास पावलं घासत गेली होती. रस्त्यावर काळा पट्टा उमटला होता, तो मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितला. शेवटचं वळण काही त्याला मिळालं नाही.

लसीची निळी पेटी मागं बांधलेली होती, तशीच शाबूत निघाली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ती उघडून बघितली. बर्फ अजून विरघळला नव्हता. आणखी दोन तास टिकला असता, असं ते म्हणाले. म्हणजे देवळापाशी थांबायला वेळ होता.

निवास एकतीस वर्षांचा होता. जितकी वर्षं मी एसटीत काढली तितक्याच वयाचा. लोक म्हणतात केरबा मिस्त्री रडला नाही. रडलो मी. पोलिस ठाण्याच्या मागं गाडी आणून टाकली होती, तिथं जाऊन रडलो. चाक मोडून वाकलं होतं, पण कॅलिपर जिथल्या तिथं होता. मी त्याच्यावर हात ठेवून बसलो तेव्हा एका हवालदारानं मला उठवलं आणि चहा पाजला. त्याला वाटलं, मी मुलाची गाडी म्हणून तिला कवटाळलंय.

तिसऱ्या दिवशी जोती आला. मी आतल्या खोलीत होतो. अंगणात गल्लीतल्या पोरांनी त्याला अडवलं. एकानं त्याची कॉलर धरली असावी, कारण शर्ट फाटल्याचा आवाज आला. “मला काकांना भेटू द्या,” तो म्हणत होता. “एकदा भेटू द्या.” मग त्यानं आत तोंड करून “काका” अशी एकच हाक मारली. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो, तसाच बसलो. पोरांनी त्याला फाट्यापर्यंत ढकलत नेलं.

सुवर्णा वेगळ्या हाडाची निघाली. वर्षभर ती कुणाशी धड बोलली नाही. मग एक दिवस तिन्ही जॉब कार्डं, निवासच्या मोबाईलमधले फोटो आणि आरटीओच्या साहेबाचा तपासणीचा कागद, असं सगळं एका फायलीत लावून वकिलाकडं गेली. कंपनी आणि शोरूम, दोघांवर तिनं साताऱ्याच्या ग्राहक मंचात तक्रार केली. “मला त्यांच्याकडनं काही नको,” ती मला म्हणाली. “दोष गाडीत होता, निवासचा न्हवता, एवढं मला कागदावर पाहिजे. लोक म्हणतात, जोरात चालवत होता.”

मी तिच्याबरोबर प्रत्येक तारखेला गेलो. तिची फाईल मी धरायचो.

शेवटच्या काही तारखांतली एक. कंपनीच्या वकिलानं मुद्दा काढला की मयताचे वडील एसटीतले ब्रेक मेकॅनिक आहेत, त्यांनी घरी गाडी उघडली असणार आणि बिघाड त्यांच्याच हातून झाला असणार. सुवर्णा उभी राहिली.

“साहेब, आरटीओच्या कागदात लिहिलंय. बोल्टावरची रेघ तुटलेली न्हाई. माझ्या सासऱ्यांना हे काम येत होतं. तासाभरात त्यांनी ब्रेक नीट केला असता. पण कंपनीची मनाई होती म्हणून त्यांनी हात लावला न्हाई. मी स्वतः त्यांना विचारलं होतं जेवताना. ज्यांनी नियम पाळला त्यांनाच तुम्ही दोषी धरणार?”

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली फाईलकडं बघितलं.

मग जोतीला बोलावलं. दोन वर्षांत तो पार वाळला होता. शोरूमच्या वकिलानं त्याला सांगायचं ते सांगून ठेवलेलं असणार, पण जोती पहिल्याच प्रश्नाला भलतंच बोलला.

“दोष माहीत होता साहेब. पिस्टन अडकत होता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

त्याचा मालक मागच्या बाकावर ताडकन उठून उभा राहिला आणि परत बसला. अध्यक्ष पुढं झुकले. “माहीत होता तर उघडला का नाही?”

“वरनं परवानगी न्हवती.”

“मग निदान यांना खाजगीत सांगायचंत. हे स्वतः जाणकार आहेत. बाहेर उघडून घ्या, धोका आहे, असं काही सांगितलंत का?”

जोतीनं मान वळवली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता संपलं. आणि खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरंही वाटलं. आता तो सांगेल आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरेल, सुवर्णाला जे व्हायचं ते होईल. सगळा दोष एकट्यानं पोटात धरून मी दोन वर्षं जगलो होतो. मुलाचा जीव की शिस्त, असा प्रश्न माझ्यापुढं कधीच नव्हता. मला जोतीला धडा शिकवायचा होता. माझ्या हाताखालचा माणूस माझं ऐकेना, याचा मला राग आला होता, आणि त्या रागाला मी शिस्त असं नाव दिलं होतं. घरात एका शब्दानं सांगितलं असतं तर सुवर्णा म्हणाली असती, मग उघडा की. म्हणून तर मी सांगितलं नव्हतं.

जोतीची नजर माझ्यावरून सुवर्णाकडं गेली. ती पदर मुठीत धरून उभी होती.

“न्हाई साहेब,” जोती म्हणाला. “न्हाई सांगितलं.”

“का नाही सांगितलं?”

“सुचलं न्हाई.”

अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी दोनदा मान हलवली, माणूस किती निष्काळजी असतो याची नोंद करावी तशी. मी उठायला हवं होतं. उठून दोन वाक्यं बोलायची होती. माझे गुडघे चांगले होते, आवाज चांगला होता, आणि मी बसून राहिलो.

बाहेर व्हरांड्यात सुवर्णा वकिलाशी बोलत थांबली होती. जोती जिन्यापाशी एकटाच उभा होता. त्याच्या मालकानं त्याला तिथंच सांगून टाकलं होतं की उद्यापासून येऊ नकोस. मी त्याच्याजवळ गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“जोती, खोटं का बोललास?”

तो जिन्याच्या कठड्यावर हात फिरवत राहिला. “सकाळी वैनी भेटल्या गेटवर. मी नमस्कार केला तर म्हणाल्या, तुम्हाला काय कळणार, माझ्या घरात आता आण्णांशिवाय कुणी उरलं न्हाई.” त्यानं एकदाच वर बघितलं. “मग मी काय बोलणार काका?”

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण सुवर्णा आमच्याकडं यायला लागली तसा तो चपापला आणि जिना उतरून गेला. तिनं त्याच्या पाठीकडं बघितलं, त्या नजरेत जे होतं ते खरं तर मला मिळायला हवं होतं.

“त्याच्याशी कशाला बोलता आण्णा,” ती म्हणाली आणि माझ्या हातातली फाईल घेतली. “चला, दमलाय तुम्ही.”

निकाल आमच्या बाजूनं लागला. दोष गाडीत होता, चालवणाऱ्याचा नव्हता, असं कागदावर आलं. सुवर्णानं तो कागद निवासच्या फोटोसमोर ठेवला आणि त्या दिवशी ती पोटभर रडली. जोती पुढं पुण्याकडं गेला असं कळलं. चाकणला एका कंपनीत माल उतरवतो म्हणून कुणी सांगितलं, कुणी म्हणालं वॉचमन आहे. पाना त्यानं पुन्हा हातात धरला की नाही, मला माहीत नाही. मी त्याला शोधायला गेलो नाही, तेसुद्धा माझ्या खात्यात धरा.

सुवर्णानं दुसरं लग्न केलं नाही. तिच्या माहेरच्यांनी दोन स्थळं आणली होती. आण्णांना एकटं टाकून जाणार न्हाई, असं सांगून तिनं दोन्ही परत लावली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी निघताना माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवते, संध्याकाळी आल्यावर वाटी रिकामी आहे का ते बघते. आल्यागेल्याला सांगते, माझे सासरे म्हणजे सरळ माणूस, कंपनीचा नियमसुद्धा मोडला न्हाई त्यांनी. मी तिथंच खुर्चीत बसलेला असतो.

मला सत्तरी ओलांडून चार वर्षं झाली. जायच्या आधी तिला सांगायचं आहे, असं मी रोज ठरवतो. संध्याकाळी ती भाजी निवडत बसलेली असते, घरात दुसरं कुणी नसतं. मी म्हणतो, “सुवर्णा.”

ती हातातलं काम थांबवते. “काय आण्णा?”

तिचा चेहरा माझ्याकडं वळलेला असतो, आणि मी म्हणतो, “पाणी दे जरा.”

ती उठून पाणी आणून देते.